शुमभंगल

नमस्कार श्रोतेहो. आज आधी जागेवरून उठायचं आहे. घरात आरसा असेलच, त्याच्यासमोर वीतभर अंतरावर उभे राहा. स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, परत डाव्याकडे. डोळे हललेले दिसले? नाही दिसणार. आता घरातल्या कुणाला समोर उभं करून हेच करायला सांगा. त्यांचे डोळे टुणकन इकडून तिकडे गेलेले तुम्हाला स्वच्छ दिसतील. म्हणजे डोळे हलतात, फक्त हलताना मालकाला कळू देत नाहीत.

आता हात लांब करून अंगठा समोर धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढाच तुकडा आपल्याला बारीक, रेखीव दिसतो. बाकी सगळं पुसट. खोली पूर्ण दिसतेय असं वाटतं, कारण डोळा सारखा इकडून तिकडे उड्या मारत असतो. सेकंदाला साधारण तीन उड्या. जागेपणीचे सोळा तास धरले तर दिवसाला दीड लाखाच्या वर. आणि उडीच्या त्या क्षणापुरतं मेंदू चित्र दाबून टाकतो, म्हणून आरशात काही सापडत नाही. या उडीला सॅकेड म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, घोड्याचा लगाम हिसकल्यावर बसतो तो झटका. पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांनी १८७९ च्या सुमारास लिहून ठेवलं, की वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, टप्प्याटप्प्यानं झटके घेत जातो. उडणाऱ्या पाखरामागे नजर सरकते, ती गोष्ट वेगळी. एरवी डोळा सरकत नाही, उडी मारतो. पुन्हा सांगतो, डोळा उडी मारतो.

एकेका डोळ्याला सहा स्नायू असतात, ते उडी मारून देतात. पण आधी कुठे, मग कुठे, हा उड्यांचा क्रम शिकावा लागतो. तो कसा शिकला जातो हे सांगायला मला माझ्या मामांकडे जावं लागेल.

मामा इंदूरला खजुरी बाजारातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. छपाईची सुटी धातूची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचे. साल १९७४, उन्हाळ्याची सुट्टी, मी अकरा वर्षांचा. घरी उच्छाद नको म्हणून आई मला सकाळी पोहे खायला घालून मामांबरोबर पिटाळायची. (पोह्यांवर जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला, हवाच. हल्ली त्यावर चीज किसून घालतात असं ऐकतो, पण सकाळी सकाळी तोंड कडू करायला नको.)

छापखान्यात लाकडी केसेस, म्हणजे खिळ्यांच्या खान्यांचे ट्रे, तिरक्या मांडलेल्या. मराठी टाइपाचे खाने किती, तर मी एकदा मोजायला घेतले आणि तीनशेच्या पुढे कंटाळलो. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, वेलांट्या, सगळ्यांना वेगळी घरं. मामांच्या डाव्या हातात खिळे ओळीत लावायची स्टिक, उजवा हात खान्यांवर. मी स्टुलावर बसून त्यांचे डोळे बघायचो. हात 'ग' उचलून स्टिककडे येत असायचा आणि डोळे तोवर 'ण'च्या खान्यावर पोचलेले. हात 'ण'कडे निघाला की डोळे 'प'वर. नजर कायम हाताच्या एक खाना पुढे. मधेच एक उडी मजकुराच्या कागदावर, चार शब्द उचलले, की परत खाने.

मला काम दिलं होतं छापून झालेले खिळे परत आपापल्या खान्यांत टाकायचं. लग्नसराई जोरात होती, 'म' आणि 'भ'चे खाने पार रिकामे झालेले, आणि आमच्या केसमध्ये ते शेजारी शेजारी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. त्यात बारीक टाइप. 'म' आणि 'भ' यांत डोक्याशी असलेल्या गाठीचाच काय तो फरक. मी अख्खी दुपार मन लावून सगळे 'म' 'भ'च्या घरात टाकले आणि सगळे 'भ' 'म'च्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी एक लग्नपत्रिका जुळवली. नेहमीच्या वेगानं. प्रूफ काढलं, स्वतः वाचलं, मालकांनी वाचलं, मुलीचे काका येऊन वाचून सही करून गेले. जुळवलेला फर्मा ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या यंत्रावर, चढला. अडीचशे पत्रिका छापून झाल्या आणि ट्रेडल चालवणारे काका थांबले. त्यांना वाचणं जेमतेम येई, एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. त्यांनी एक पत्रिका उचलली आणि दारातूनच विचारलं, "दादा, ये शुमभंगल क्या होता है?"

मामा धावत गेले. "या शुमभंगल प्रसंगी उपस्थित राहून..." खाली "वधूचे भाभा". आणि सगळ्यात शेवटी, "मोजनाचा लाम घ्यावा".

मंगलाचं भंगल, तेही मुलीकडच्या पत्रिकेत! मालकांचा चेहरा मला अजून दिसतो. मी स्टुलाखाली. मामा मात्र ओरडले नाहीत. केसपाशी आले, दोन्ही खान्यांतला एकेक खिळा उचलून उजेडात धरला, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षराकडे मी बघतच नाही रे आता. खाना बघतो. किती वर्षं झाली, आज कळलं."

पुढचे आठ दिवस ते प्रत्येक अक्षर बघून उचलायला लागले आणि वेग निम्म्यावर आला. मालकांनी हात जोडले, "तुम्ही आपलं न बघताच जुळवा."

श्रोतेहो, मामांचं 'खाना बघतो' हे वाक्य मला कित्येक वर्षांनी पुन्हा भेटलं ते जपानी शास्त्रज्ञ ओकिहिदे हिकोसाका यांच्या प्रयोगात. त्यांनी माकडांपुढे बटणं ठेवली. दोन दोन बटणं उजळायची, कुठलं आधी दाबायचं हे चुकत चुकत शोधायचं, असे ओळीनं पाच जोड. रोज सराव करून क्रम मुरला, की माकडाची नजर पुढचं बटण उजळण्याआधीच तिथे जाऊन बसायची. खाना बघायचा, अक्षर नाही! आणखी एक गंमत. नवा क्रम शिकताना मेंदूच्या खोलातल्या गाठींचा, म्हणजे बेसल गँग्लियाचा, पुढचा भाग कामाला लागतो. मुरलेला क्रम मागच्या भागाकडे सोपवला जातो.

याच हिकोसाकांनी रॉबर्ट वुर्ट्झ यांच्याबरोबर १९८३ मध्ये दाखवलं, की या गाठी नजर रोखून धरण्याचंही काम करतात. मध्यमेंदूत सुपीरियर कॉलिक्युलस नावाचा भाग आहे, त्यात समोरच्या दृश्याचा नकाशाच मांडलेला असतो. नकाशावर जिथे ठिणगी पडेल तिकडे डोळा उडी घेतो. पण त्याला सतत दाबून ठेवलेलं असतं. पंगतीचं चित्र आठवा. पान वाढलेलं, भातावर वरण, वरणावर तूप, सगळ्यांचे हात तयार, आणि 'पुंडलिक वरदा' होईपर्यंत आजोबा कुणाला घास घेऊ देत नाहीत. मेंदूतले हे आजोबा क्षणभर दाब सोडतात, ती उडी होते, की लगेच पुन्हा दाब. दाब कुठे, कधी सोडायचा, हा क्रम सरावानं शिकला जातो. दाब सोडला की उडी. कंपवाताच्या आजारात याच गाठींचा कारभार बिघडतो, आणि आठवणीतल्या जागेकडे नजर टाकायला सांगितलं तर उडी तोकडी पडते.

क्रिकेटमध्येही हेच. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांची नजर टिपली. चेंडू हातातून सुटताना फलंदाज बघतो, मग चेंडूला सोडून नजर थेट टप्पा पडणार त्या जागी उडी मारते आणि तिथे वाट बघते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर, कच्च्याची उशिरा. आपले कर्नल सी. के. नायडू यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा काढताना अकरा षटकार मारले, तेव्हा त्यांची नजर टिपायला यंत्र नव्हतं. आता यंत्रं उदंड झाली आहेत, पण समालोचक एक चेंडू गप्प बसतील तर शपथ. असो.

राहिला लहान मेंदू. तो उडीचं माप दुरुस्त करत राहतो. मॅक्लॉक्लिन नावाच्या संशोधकानं १९६७ मध्ये एक खोडी काढली. नजर एका ठिपक्याकडे उडाली, की ती हवेत असतानाच ठिपका किंचित सरकवायचा. उडीत दिसत नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. पण थोड्याच वेळात डोळा सरकवलेल्या जागी थेट उतरायला लागतो. मालकाला न विचारता शिकला! मी मामांची केस बदलली तीही त्यांच्या नकळत, पण ठिपका चुकला हे डोळ्याला उतरल्या उतरल्या कळतं. मामांचा डोळा बरोबर खान्यावरच उतरत होता, तो काय दुरुस्त करणार!

आणि प्रूफ तिघांनी वाचलं त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. इंग्रजी वाचकांवरचे प्रयोग सांगतात, की तयार वाचकाची नजर सुमारे एक-तृतीयांश शब्दांवर टेकतच नाही. छोटे शब्द, अपेक्षित शब्द, वरून उडून जातात. जिथे टेकते तिथेही आपण बरंचसं ओळखीवर भागवतो. लग्नपत्रिकेइतका अपेक्षित मजकूर जगात दुसरा नसेल. आम्हाला शाळेत गुरुजी 'बोट ठेवून वाचू नकोस' म्हणून पट्टी मारायचे. मी त्या ट्रेडलवाल्या काकांचं नाव घेऊन सांगतो, पोरांना बोट ठेवू द्या.

त्या अडीचशे पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर छापखान्याचा हिशोब वर्षभर चालला. एक माझ्या टेबलाच्या खणात आहे, कडा पिवळ्या झाल्यात. परवा नात आली होती, सातवीत आहे, मराठी छान वाचते. तिला पत्रिका दिली आणि म्हटलं, मोठ्यानं वाच. तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "या शुभमंगल प्रसंगी उपस्थित राहून..." आणि शेवटी, "भोजनाचा लाभ घ्यावा".

नमस्कार.