सहा-चाळीसची पेज

(दृश्य: पहाट. म्हार्दोळचा रस्ता, दिवे अजून चालू. दुरून पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू.)

पदेर आला म्हणजे साडेपाच. आमच्या घरी घड्याळ होतं, पण भरवसा त्या भोंपूवर. तोवर चुलीवरचा टोप रटरटत असायचा आणि आई उंड्यांचे सुटे पैसे मुठीत धरून दाराशी उभी.

टोपात पेज. उकड्या तांदळाची, पाणी सढळ, मीठ अगदी शेवटी. आई करवंटीच्या दवल्याने एक शीत काढायची आणि अंगठा-तर्जनीत दाबून बघायची. शीत फुटलेलं हवं, पण विरघळलेलं नको. विरघळलं की ती पेज राहत नाही, खळ होते, असं तिचं मत. मग पेज दुधाच्या कॅनमध्ये, कॅनला जुनी गोधडी, गोधडीवर सुतळी. मिठात चेपलेली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, वेगळ्या बरणीत.

सहा-चाळीसला फोंडा-पणजी बस यायची. खाजगी बस, मालक दुसरा, स्टिअरिंगवर आमचे बाबा.

कंडक्टर कॅन उचलून ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचा. तिथे पेज गरम राहते, हा शोध बाबांचा. आई रोज तिकीट काढायची. आणि संबंध प्रवासात नवऱ्याशी एक शब्द बोलायची नाही. विचारलं तर म्हणायची, "ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलेलं असतं." मंगेशी, बाणास्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, पणजीचा स्टँड. तिथून दुसरी बस बांबोळीला.

गोव्यात 'बांबोळीला नेलं' म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ तिथे आहे. काणकोणपासून पेडण्यापर्यंतची माणसं येतात, तशी सीमेपलीकडून सिंधुदुर्गातलीही. पेशंटला खाट मिळते. सोबतचा माणूस मात्र पिशवी उशाला घेऊन व्हरांड्यात पडलेला असतो, आणि रात्री जेवलात का, हे त्याला कोणी विचारत नाही. आई तेवढंच विचारायची. "जेवल्यात?" समोरून मालवणीत उत्तर, "नाय गे." की पेला भरलाच.

(दृश्य: पणजी, मांडवीकाठची जुनी इमारत. पायऱ्या.)

हे इस्पितळ आधी इथे, पणजीत होतं. पोर्तुगीज काळात 1842 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. माझी आजी, म्हणजे आईची सासू, याच इमारतीत दाखल होती. आई चार रात्री बाकावर बसून. नवी सून, हातात पैसे नाहीत, मागायची लाज. चौथ्या सकाळी ताळगावची एक किरिस्तांव बाई, जिची ओळख ना पाळख, तांब्याभर पेज आणि एक तोर पुढ्यात ठेवून गेली. नाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख आईला शेवटपर्यंत होती. समाजसेवा हा शब्द कोणी काढला की ती हीच गोष्ट सांगायची आणि विषय बदलायची.

2004 पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि या वास्तूत सिनेमावाल्यांची वर्दळ सुरू झाली. गळ्यात पास घालून मीही या पायऱ्यांवर तासन्‌तास उभी राहिले आहे. तो बाक नेमका कुठे होता, ते आईला विचारलं असतं तर तिने दाखवलं असतं. मी फिल्मच्या वेळा बघत होते.

(दृश्य: वही. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कडा तेलकट.)

ही आईची वही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ती चार वर्षांची होती. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यातल्या एकीत ती शिकली. त्यामुळे बोलणार कोकणीत आणि लिहिणार मराठीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीचीही सोय ठेवली. त्यावरून गोव्यात केवढं रण माजलं होतं! आमच्या घरी मात्र या वहीत दोघी सुखाने नांदत होत्या.

अर्ध्या वहीत जायांचा हिशेब. पावसाळ्यात जायांचा हंगाम, दुपारी कळ्या खुडायच्या, देवळाच्या वाटेवर माळा विकायच्या. पेजेचे तांदूळ त्या पैशांतून यायचे. उरलेल्या अर्ध्या वहीत रक्तगट.

व्हरांड्यात पेज वाढताना तिच्या लक्षात आलं, की माणसं भुकेपेक्षा रक्ताच्या बाटलीसाठी जास्त घाबरतात. तिने पानं आखली, एका गटाला एक पान. नावं कमी, खुणा जास्त. "बाणास्तारी तिठ्यावरचा पायलट, पिवळा मडगार्ड." (पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला.) "माटोळीचं सामान विकणारीचा धाकटा." "पदेर." ओ निगेटिव्हच्या पानावर एवढी एकच नोंद, पदेर. म्हणून त्याला आमच्याकडे चहा मिळायचा, आणि तो का मिळतो ते त्यालाही ठाऊक होतं.

प्रत्येकापुढे तारीख. एकदा रक्त दिलं की पुरुषाने तीन महिने थांबायचं, बाईने चार. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट लागतात. त्या पाचच दिवस टिकतात, साठवून भागत नाही, माणूसच उभा करावा लागतो. हे तिला डॉक्टरांनी शिकवलं की व्हरांड्याने, सांगता येत नाही.

गंमत म्हणजे, पहिल्यांदा ती स्वतः रक्त द्यायला गेली तेव्हा परत पाठवली. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, तिचं दहाच्याही खाली. चाळीस माणसांना पेज पाजून ही बाई स्वतः खरवड खात होती! बाबा तेव्हा पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. मग सहा महिने घरात तांबडी भाजी आणि नाचणी, नाचणी आणि तांबडी भाजी. आम्ही भावंडं विटलो. ती पास झाली.

मी तिला देवी करायला बसलेली नाही. मी नऊ वर्षांची असताना जत्रेच्या नाटकात ध्रुव झाले होते. विंगेतून पाहिलं तर आई पुढच्या चटईवर होती. दुसऱ्या अंकात पाहिलं तर चटईवर नुसती तिची शेवंतीची वेणी. कोणी सांगत आलं होतं, बाळंतिणीला रक्त हवंय. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने माफीबिफी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाली, "दुसऱ्या अंकापासून कर." राजा तीच, सुरुची तीच, नारद तीच. टोप खाली लागला, तरी थांबली नाही.

ती बाळंतीण वाचली का, हे मी विचारलं नाही. आता वहीत शोधते, तर त्या तारखेपुढे फक्त एक टिंब आहे.

पासष्ट वर्षांनंतर रक्त देता येत नाही. तिने आपलं नाव स्वतःच खोडलं आणि बाजूला लिहिलं, "65 पूर्ण. बंद." आजार पुढच्या पावसाळ्यात आला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेवटचे अठरा दिवस बांबोळीत. व्हरांड्यात बाबा, उशाला पिशवी.

(दृश्य: घर. टेबलावर फोन. बाबांचे हात.)

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. दोडामार्गहून कोणी तरुण बोलत होता. "वैनी आसत?"

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वैनी नाहीत. गट सांग."

त्यांनी ही वही आजवर कधी उघडली नव्हती. चष्मा लावला. आधी जायांचा हिशेबच निघाला, तो वाचत बसले. मी हात पुढे केला, तर माझा हात बाजूला सारला. बी पॉझिटिव्ह सापडायला बरीच मिनिटं गेली. पहिले दोन नंबर लागले नाहीत. तिसरा पायलटचा. तो म्हणाला, "येतो, पण तारीख बघ, तीन महिने झाले का?" बाबांनी बोटं मोजली. झाले होते.

दुसऱ्या दिवशी पायलटला घेऊन बाबा बांबोळीला जाऊन आले. आल्यावर वही घेतली आणि त्याच्या नावापुढे नोंद केली. आई तिथे फक्त तारीख लिहायची. बाबांनी तारखेखाली बसच्या लॉगशीटवर लिहावं तसं लिहिलंय:

"सुटली 6.40. पोचली 8.10."