बिऱ्हाड हलवताना

श्रोतेहो, नमस्कार.

घर बदलायचं म्हटलं की डोळ्यांसमोर आधी खोकी येतात. खोकी, सुतळी, चिकटपट्टी आणि दारात उभा टेम्पो. पण सामान उचलायला माणसं मिळतात. ती भराभर हात चालवतात आणि संध्याकाळी मोकळी होतात. जी कामं त्यांना सांगता येत नाहीत ती आपल्याच गळ्यात राहतात, आणि त्यातली बरीचशी घर रिकामं असतानाच उरकायची असतात. म्हणून आज पॅकिंगबद्दल थोडं आणि रिकाम्या घराबद्दल जास्त बोलते.

नव्या घराची किल्ली मिळाली की सामानाच्या आधी एकदा तिथे दिवसाउजेडी जा. बरोबर मोजपट्टी आणि फोनचा चार्जर घ्या. कपाट खोलीत मावेल का, हे सगळेच बघतात. ते खोलीपर्यंत पोचेल का, हे फार थोडे बघतात. तेव्हा दारांची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टचं दार मोजून घ्या. चार्जर कशासाठी? तर प्रत्येक प्लगमध्ये लावून बघायला. पलंगामागे जाणारा प्लग बंद आहे, हे पलंग लागल्यावर कळून उपयोग नाही. मग सगळे नळ सोडा आणि सिंकखालच्या पाइपाच्या सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. गळती बारीक असली तर डोळ्यांना दिसत नाही, कागद मात्र ओला होतो. भिंतीला भोकं पाडणं, रंग, कीटकनाशकाची फवारणी, हेही सगळं आताच. एकदा कपाट टेकलं की त्यामागची भिंत वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

घर बरेच दिवस बंद असेल, तर पाण्याकडे जरा जास्त लक्ष द्या. पाइपात साचून राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात. लेजिओनेला नावाचा जंतू साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात फोफावतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणून खिडक्या उघडा, शॉवरची जाळी काढा आणि पाणी तुषार न उडवता काही मिनिटं वाहू द्या. गिझरचं बटण लगेच दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा. फुरफुर थांबून सलग धार आली म्हणजे टाकी भरली, मग बटण. कोरड्या टाकीत गिझरची कॉइल जळते.

पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे आणि तो फिरतो का, हेही बघून ठेवा. पाइप फुटल्यावर अंधारात तो शोधायची वेळ येऊ नये. विजेच्या पेटीत टेस्ट असं लिहिलेलं किंवा नुसतं टी अक्षर असलेलं छोटं बटण असेल, तर ते एकदा दाबा. तिथला पुरवठा खटकन बंद झाला पाहिजे. नाही झाला, तर शॉक लागताना जीव वाचवणारं ते उपकरण नावापुरतंच आहे. इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा. आणि कुलूप. आधीच्या माणसांवर संशय म्हणून नव्हे, पण त्या दाराच्या किती किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे त्यांनाही आठवत नसतं. बऱ्याच कुलपांचं अख्खं कुलूप न काढता नुसतं आतलं सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलता येतं. घर भाड्याचं असेल, तर मालकांना विचारून करा.

आता जुन्या घरातली यंत्रं. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून दार उघडं ठेवा, म्हणजे बर्फ वितळून पाणी निघून जाईल. नेताना तो उभाच न्यायला सांगा, आणि सांगून थांबू नका, टेम्पोत चढेपर्यंत बघा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. करावाच लागला, तर नव्या घरी काही तास, शक्यतो पूर्ण दिवस, तो उभा ठेवून मगच चालू करा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. मशीन घरी आली तेव्हा मागच्या बाजूचे लांब बोल्ट काढून दिले होते, ते आठवा. ते प्रवासात हा ड्रम धरून ठेवतात. कुठल्याशा खणात पडलेले असतील. शोधून लावा आणि नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी न विसरता काढा, नाहीतर ती खोलीभर नाचेल. टीव्हीही आडवा झोपवू नका. त्याच्या वायरी उपटण्याआधी मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवला की कुणाला बोलवावं लागत नाही.

पॅकिंगचं थोडक्यात. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, ताटं उभी ठेवा, खोक्यावरचं नाव बाजूला लिहा, कारण वरचं नाव दुसऱ्या खोक्याखाली जातं. औषधं, कागदपत्रं, दागिने आणि पॉवर बँक टेम्पोत नकोत, स्वतःजवळ ठेवा.

पत्ता बदलायचा तर कुठे कुठे? डोकं खाजवत बसू नका. बँकेचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट उघडा; ज्यांना ज्यांना पैसे जातात ती तुमची यादी. विमा, इंटरनेट, वर्गण्या, सगळं तिथे सापडतं. घरातल्या सामानाचा विमा असेल, तर तो सहसा त्या पत्त्यापुरता असतो, म्हणून कंपनीला सामान हलवण्याआधी कळवा. इंटरनेटची जोडणीही आधीच सांगून ठेवा.

जुनं घर सोडताना वीज, पाणी, गॅस यांच्या मीटरचे फोटो काढा, आकडा आणि मीटरचा क्रमांक एकाच फोटोत यायला हवेत. नव्या घरीही तेच करा. बिलावरून वाद झाला, तर तोंडी बोलण्याला कुणी विचारत नाही. रिकाम्या खोल्यांचेही फोटो घ्या. अनामत परत मागताना लागतात. दारामागच्या खुंट्या, माळा आणि टपालाची पेटी एकदा बघून घ्या.

नव्या घरी पहिल्या संध्याकाळी बाकी खोकी तशीच राहू द्या, अंथरुणं मात्र आधी घाला. घरात वयस्कर माणूस असेल, तर पलंगापासून संडासापर्यंतची वाट खोक्यांनी अडवू नका आणि तिथे रात्रभर एक दिवा ठेवा. अनोळखी घरात रात्री उठताना माणसं पडतात. मांजर असेल, तर सामान उतरत असताना त्याला त्याच्या अंथरुणासकट एका खोलीत बंद ठेवा, दारावर तशी चिठ्ठी लावा, आणि पुढचे दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका, कारण पुष्कळ मांजरं सरळ जुन्या घराच्या वाटेला लागतात. त्याच्या गळपट्ट्यावर जुना पत्ता असेल, तर तोही बदला.

नमस्कार.