तारखेचा पैसा

माईक जरा खाली घ्या हो. माझी सगळी नोकरी कॅशच्या पिंजऱ्यात बसून गेली, उभं राहून बोलायची सवय नाही.

संयोजकांनी विषय दिलाय, 'थेट रोख मदत आणि ग्रामीण गरीब कुटुंबांचं दैनंदिन जीवन'. पत्रिकेत तो एवढा ऐसपैस छापलाय की माझं नाव पार खाली, छापखान्याच्या नावाला टेकलंय. (हशा) असू द्या. अंबाजोगाईत बोलायला मिळालं, हेच पुष्कळ.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे, ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हा अनुभव आहे. गरिबाच्या घरात पैसा किती आला याच्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, तो कोणत्या तारखेला आला याला महत्त्व असतं. झालं. आता उरलेला वेळ मी इकडचं तिकडचं बोलणार.

समोर निम्मे तरी निवृत्त शिक्षक दिसतात. गुरुजी, तुम्हाला एक तारखेचं महत्त्व मी काय सांगावं? पगार पाच तारखेपर्यंत झाला नाही तर तुम्ही सहा तारखेला निवेदन घेऊन पंचायत समितीत. (हशा) किराणा दुकानदार तुम्हाला महिनाभर उधार देत होता, तो काय तुमचं अक्षर चांगलं म्हणून? तो तारखेला उधार देत होता. आता शेतकऱ्याच्या घरी या. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीच्या मध्ये एकदा पैसा येतो, तोही आडतीवर भाव काय लागेल त्यावर. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. तो प्रत्यक्ष हातात पडलेल्यांनी हात वर करा. ... बघा. फोटो काढून ठेवा हा. (हशा)

ऊसतोड्याचं तर गणितच उलटं. त्याचा पैसा आधी येतो आणि काम मागून. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती लेकीच्या लग्नात, दवाखान्यात, मागच्या देण्यात दसऱ्याआधीच जिरते, आणि मग धारूर-केजहून ट्रकमध्ये बसून सहा महिने कोयत्यानं ती फेडायची. शिधा संपला की त्याच खात्यावर पुन्हा खर्ची. म्हणजे आपल्याकडं कष्टाला हंगाम आहे, देण्याला मुदत आहे, फक्त येण्याला तारीख नाही.

आणि तारीख नसली की वस्तू महाग पडते. शंभर ग्रॅम तेल, दहा रुपयांची चहापत्ती, पाचाची साखर असं रोज घेणारी बाई महिन्याअखेरी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दरानं किराणा भरते. एकदम पाच किलो घ्यायला पैसा एकदम लागतो. अडलं की सावकार, शेकडा पाचानं. तीन हजार घेतले की महिन्याला दीडशे नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. हा दीडशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझ्या आत्याची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा पिऊन यावं.

आत्या बहात्तरीच्या पुढं आहे. केज तालुक्यात राहते. वीस-बावीस हंगाम ऊस तोडला, उरलेल्या दिवसांत लोकांची खुरपणी केली. नवरा गेल्यावर संजय गांधी निराधारमध्ये नाव लागलं. ही योजना १९८० सालची. पासष्टी ओलांडली की माणूस संजय गांधींतून श्रावणबाळात जातो, आत्याही गेली. पैसे सारखेच. आधी सहाशे होते, २०१९ला हजार झाले, २०२३ला दीड हजार. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना यातलं काही नाव माहीत नाही. ती म्हणतात, 'पगार'. 'मपला पगार आला का रं?' हा शब्द लक्षात ठेवा, तोही लागणार आहे. बरंच लक्षात ठेवायला सांगतोय, पण परीक्षा नाही.

तर गावात मिनी बँक आली. टपरीएवढं दुकान, एक पोरगा, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. आत्या गेली, अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. पोरानं हात धुऊन यायला सांगितलं. धुतले. जुळत नाही. पदरानं पूस. पुसले. मग खोबऱ्याचं तेल, मग तेल जास्त झालं म्हणून माती. शेजारच्या न्हाव्यानं दाढीची क्रीम देऊ केली. (हशा) दुसरं बोट झालं, तिसरं झालं, रांगेतले लोक आता मोजायला लागले. चाळीस वर्षं कोयत्याची आणि खुरप्याची मूठ धरलेला हात. त्याला रेषा राहणार कुठून? तो पोरगा वाईट नव्हता हो. तो बिचारा म्हणाला, "आज्जी, मशीनला तुमचं बोटच दिसंना."

आत्या म्हणाली, "सावकाराच्या कागदावर ह्योच अंगठा उठला व्हता की. तवा कुनी न्हाई म्हनलं व्हतं?"

मला तिनं फोन केला. भाचा बँकेतला, तेवढाच मान. मी म्हटलं, चल. पहिली खेप शाखेत. तिथं म्हणाले, आधार अद्ययावत करून आणा. दुसरी खेप तालुक्याला, तर केंद्रावर पाटी, 'सर्व्हर डाउन'. ही पाटी लॅमिनेट केलेली होती, यावरून काय ते समजा. (हशा) तिसऱ्या खेपेला नंबर लागला आणि लाईट गेली. चौथ्या खेपेला काम झालं, म्हणजे काम झालं असं ते म्हणाले. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३पासून, ते खरं. पण गावातून फाट्यापर्यंत एसटी येत नाही, तिथं काळी-पिवळी, आणि काळी-पिवळीला अर्धं तिकीट ठाऊक नाही. आमचा दोघांचा जाण्यायेण्याचा, चहाचा, झेरॉक्सचा खर्च मी पाकिटावर लिहीत गेलो. सवय. चारशे वीस रुपये झाले. दीड हजारातले चारशे वीस. आकडाही कसा नेमका निघाला बघा. (हशा)

हसलात, बरं वाटलं. आता न हसण्याचं सांगतो. नव्वदच्या दशकात मी एका खेड्यातल्या शाखेत कॅशियर होतो. निराधारांची गर्दी नको म्हणून आम्ही त्यांचा वार ठरवला, गुरुवार. पैसे सोमवारीच जमा झालेले असायचे. एखादी बाई मंगळवारी यायची, सहा-सात कोस चालत, आणि मी पिंजऱ्यातून मान वर न करता सांगायचो, "मावशी, गुरुवारी." पैसे माझ्या ड्रॉवरमध्ये असायचे. तिची तारीख मी पुढं ढकलत होतो, आणि माझा पगार एक तारखेला होत होता. त्या चार खेपांमध्ये आत्याच्या मागं बाकड्यावर बसलो, तेव्हा प्रत्येक काउंटरवर मला माझंच डोकं दिसत होतं. खाली घातलेलं.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' खाली 'कृपया'ही लिहिलंय. अध्यक्ष महाराज, अजून माझी प्रस्तावना चालू आहे.

बरं, भराभर घेतो. रोख आली की घरात काय बदलतं? आत्याच्याच गल्लीतलं एक घर सांगतो, नाव नको. बाईला लाडकी बहीणचे पैसे सुरू झाले. ही योजना २०२४च्या जूनमध्ये जाहीर झाली, महिना दीड हजार, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पहिले तीन हजार राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले. सुरुवातीला या बाईनं काय केलं? दुकानदाराची मागची उधारी दिली. साडी नाही, मोबाईल नाही, उधारी. दोन-तीन हप्ते लागोपाठ आल्यावर दुकानदारच म्हणाला, "वैनी, महिन्याचं सामान एकदम न्या." शंभर ग्रॅमची पुडी संपली. मग दहा बायकांनी पाचशेची भिशी धरली. हिचा नंबर चौथा. पाच हजार हातात आले, तिनं त्यात एक पाट घेतलं, उस्मानाबादी. शहरातली मंडळी इथं आहेत म्हणून सांगतो, पाट म्हणजे शेळीची तरणी पिल्ली. ही आपली जात काटक, आणि पुष्कळदा दोन-दोन पिल्लं देते. त्या वर्षी तोडीला जाताना तिनं थोरल्या पोरीला फडावर नेलं नाही, सासूजवळ ठेवलं. का, तर सासूला आणि पोरीला लागणारा किराणा घरी भरता येत होता. पोरगी शाळेत गेली. स्वयंपाकही तीच करत होती, तेही सांगायला हवं.

आणि मग एका महिन्याचा हप्ता आला नाही. पुढच्या महिन्यातही बरेच दिवस नाही. भिशीतल्या दोघींनी पाचशे भरले नाहीत, सातव्या नंबरच्या बाईला पूर्ण रक्कम मिळाली नाही, भिशी मोडली. त्या दोघींशी बाकीच्या अजून बोलत नाहीत. हळदी-कुंकवालाही बोलावणं नाही. रक्कम पुढं सगळी आली बरं का, एक रुपयाही बुडाला नाही. तारीख तेवढी बुडाली.

केनियातलं एक काम या जागी सांगतो. तिथं गिव्हडायरेक्टली म्हणून संस्था खेड्यांत लोकांच्या मोबाईलवर सरळ पैसे टाकते. त्यांनी गावांचे गट केले. काहींना दरमहा साधारण साडेबावीस डॉलर, बारा वर्षं देण्याचा शब्द. काहींना तेवढेच, पण दोनच वर्षं. काहींना दोन वर्षांची रक्कम एकदम. एकरकमी मिळालेल्यांनी धंदे काढले, ते समजतं. दोन वर्षंवाल्यांना तेवढं जमलं नाही. पण बारा वर्षंवाल्यांनी महिन्याच्या पैशाची भिशी लावून एकरकमी करून घेतली! आपल्या केजच्या बायकांची अक्कल. पुढचा हप्ता येणारच, हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच भिशी परवडते. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११ला 'सेवा' संस्थेनं यूनिसेफच्या मदतीनं असाच प्रयोग केला, मोठ्या माणसाला महिना दोनशे, पुढं तीनशे, आणि मुलांना निम्मे. खाणं सुधारलं, जनावरं वाढली, लोक स्वतःच्या रानात जास्त राबले.

दारूचं विचारणार आहात, मागच्या रांगेतून खुसफूस ऐकू येतेय. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी जगभरचे असे प्रयोग एकत्र करून पाहिले. रोख मदतीनं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही. दारू कशानं वाढते ते आपल्याला माहीत आहे, उचलीनं. एकदम येते, पुरुषाच्या हातात येते आणि फेडायची सहा महिन्यांनी असते. मजूर मिळत नाहीत, बायका खुरपायला येत नाहीत, हीही तक्रार आहे. मीही शेती करतो, मलाही मिळत नाहीत. पण दीड हजार महिना म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांनी जर बाई माझ्या रानात यायची थांबत असेल, तर मी तिला काय देत होतो, हे इथं सांगायला मला जड जातंय.

दीडशेचा आकडा. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. २०२३पासून त्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यात, पुढं ते १७० केले. मी रोखीचा वकील, तरी इथं माझं भांडण आहे. धान्य महाग झालं तरी पाच किलो पाचच किलो राहतात. दीडशे मात्र बाजाराच्या भावाबरोबर आक्रसतात. आणि ते तीन-चार महिन्यांचे एकदम आले, तर मधल्या महिन्यांत माणूस शेकडा पाचानं घेणार. सावकाराला व्याज द्यायलाच शासन पैसे पाठवतंय, असं व्हायला नको.

लाडकी बहीणमध्ये आणखी एक गंमत. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि पीएम किसान व नमो शेतकरी मिळून जिला वर्षाला बारा हजार येतात, तिला दीड हजाराऐवजी पाचशे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून घ्या म्हणून इतकी वर्षं आपण बायकांना सांगत आलो, आणि ज्यांनी लावलं त्यांचे हजार गेले. (टाळ्या) मग २०२५च्या सप्टेंबरात केवायसी निघाली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार. टाकून दिलेल्या बाईनं तो मागायला कुठं जायचं?

दुसरी चिठ्ठी. यावर 'कृपया' नाही. (हशा)

मूळ मुद्दा राहिला, तो दोन वाक्यांत. रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, असं कायद्यात आहे. पाळलं जात नाही, पण लिहिलेलं आहे, म्हणून भांडता येतं. निराधारांच्या आणि बहिणींच्या पैशाला अशी लिहिलेली तारीख द्या, महिन्याची कोणतीही द्या, आणि चुकली तर त्या दिवसांचं व्याज द्या, बँकेच्या दरानं दिलं तरी चालेल. आज हा पैसा ओवाळणीसारखा येतो. ओवाळणी कधी आणि किती टाकायची ते भाऊ ठरवतो, निवडणूक असली की भावाला माया जास्त येते. बहिणीनं ताट धरून उभं राहायचं. आमच्या म्हाताऱ्यांनी शब्द बरोबर निवडलाय, पगार.

आत्याचं राहिलंच, चहाला गेलेले परत आलेत. चौथ्या खेपेनंतर पुन्हा गावातल्या त्या पोराकडं गेलो. नऊ बोटं झाली. दहावं, डाव्या हाताची करंगळी, मशीननं घेतलं. कोयत्याच्या मुठीत ते बोट बहुतेक मोकळंच राहत असणार. परवा गेलो होतो, तर आत्या चुलीतल्या राखेनं भांडी घासत होती आणि डावी करंगळी तेवढी वर धरलेली, त्याला फडक्याची चिंधी बांधलेली. मी म्हटलं, "आत्या, बोटाला काय लागलं गं?"

म्हणाली, "लागलं न्हाई रं. पगाराचं बोट हाय ते."