लाल शाईतला नाताळ

(नाशिकमध्ये डिसेंबरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागचं दार जरा लोटून घ्याल का कुणी? वारं येतंय. मी तीन हिवाळे उणे दहा तापमानात काढून आलेय, पण नाशिकची थंडी मला आजही जास्त बोचते. तिथे निदान कोतात्सु होता. कोतात्सु म्हणजे खाली हीटर लावलेलं बुटकं टेबल. त्यावरून जाड रजई सोडलेली असते आणि सगळं घर त्यात पाय घालून बसतं. एकदा पाय आत गेले की उठायला शिव्या पडाव्या लागतात.

संयोजकांनी विषय दिला होता ‘जपानमधील शिक्षण’. मी त्यातला एक महिना घेणार आहे, डिसेंबर. कारण मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले आणि डिसेंबर आला की मी आपोआप नाताळतज्ज्ञ व्हायचे.

२०१४ ते २०१७ मी नागानो प्रांतातल्या एका लहान गावात होते. हुद्दा ‘एएलटी’, म्हणजे सहायक भाषाशिक्षक. जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ योजना सुरू करून परदेशी तरुणांना शाळांमध्ये नेलं. पुढे खासगी कंपन्याही असे शिक्षक पुरवायला लागल्या, त्यांतल्याच एका कंपनीतून मी गेले. एक माध्यमिक शाळा आणि चार प्राथमिक शाळा माझ्याकडे होत्या. वर्गशिक्षक शिकवणार, मी उच्चार सांगणार, खेळ घेणार. खरं सांगायचं तर मुलांसमोर परदेशी माणूस म्हणून उभं राहणं, हे निम्मं काम.

नोव्हेंबरात कंपनीकडून जाडजूड पाकीट आलं. आत चित्रांची कार्डं : सॉक्स, रेनडिअर, मिसलटो, चिमणी. आता चिमणी म्हटलं की मला आधी अंगणातली आठवते, मग आजीची रॉकेलची. जिच्यातून सांता उतरतो ती मी जन्मात पाहिली नव्हती. सोबत सांताचा पोशाख होता, दाढीसकट. मी कंपनीच्या बाईंना फोन केला. म्हटलं, अहो, मी हिंदू आहे, डिसेंबरात आमच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार असतात, आई घट मांडते. बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, ‘हो का! पण तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका आहात ना?’ फोनवर पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

पहिल्याच वर्गात, तिसरीत, हात वर झाला. ‘सेन्सेई, इंदोचा सांता हत्तीवरून येतो का?’ इंदो म्हणजे आपण. म्हटलं, नाही, एसटीने येतो. फळ्यावर लाल बस काढली. टपावर रेनडिअर बांधला. पोरांना ते इतकं पटलं की पुढची तीन वर्षं चारही शाळांत ‘इंदोचा सांता लाल बसने येतो’ हे सामान्यज्ञान झालं. महामंडळाने माझा सत्कार करायला हवा होता.

पण त्याच तासाला मी विचारलं, नाताळ कुणाचा वाढदिवस? अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, ‘सांता-सानचा!’ वर्गशिक्षिका बाई हसल्या, मुलांना चूक म्हणाल्या नाहीत. सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे तिथल्या राज्यघटनेतच आहे. नाताळ मात्र चालतो, कारण तो धर्म आहे असं कुणाला वाटतच नाही.

हे जरा समजावून सांगते. जपानमध्ये ख्रिस्ती माणसं शंभरात एखादं. २५ डिसेंबरला सुट्टी नाही. मी होते तेव्हा सुट्टी २३ ला असायची, ती सम्राट आकिहितोंच्या वाढदिवसाची. २५ ला मी सकाळी साडेआठला शाळेत हजर. तरीही गावाच्या एकुलत्या एका सुपरमार्केटमध्ये महिनाभर नाताळची गाणी वाजत. दोन गोष्टींशिवाय त्यांचा नाताळ होत नाही. पहिली गोष्ट, केएफसीचं तळलेलं चिकन. त्यांची पहिली शाखा नागोयात १९७० साली उघडली आणि १९७४ पासून देशभर जाहिरात झाली, नाताळला केंटकी. ती कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली याच्या दोन-तीन कथा सांगतात. कथा कुठलीही असो, आज लोक काही आठवडे आधी नोंदणी करतात आणि दुकानाबाहेर रांगा लागतात. दारातल्या कर्नल सँडर्सच्या पुतळ्याला लाल टोपी चढते. पांढरी दाढी मूळचीच असल्यामुळे त्याला फार सजवावं लागत नाही. दुसरी गोष्ट केक. मऊ स्पंज, पांढरं क्रीम, वर लाल स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरीचा खरा हंगाम वसंतातला, पण या एका केकसाठी शेतकरी हरितगृहात ती डिसेंबरला पिकवतात आणि तिचा भावही तेव्हाच चढतो. हा केक २५ नंतर कुणी घेत नाही. म्हणून पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित मुलीला एके काळी ‘ख्रिसमस केक’ म्हणायचे. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. हे मला कुणी सांगितलं? माझ्यासारख्याच न खपलेल्या जपानी मैत्रिणीने, केक खाता खाता.

मुलं लहान असली तर सांता रात्री येऊन उशाशी भेट ठेवतो. मोठ्यांसाठी २४ ची रात्र प्रेमी जोडप्यांची. घरदार, नातेवाईक, गोडधोड, ते सगळं नववर्षाचं. त्याचं नाव शोऽगात्सु. घर कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत साफ करायचं, दारात पाइन आणि बांबूची सजावट मांडायची, ३१ च्या रात्री सोबा नावाच्या शेवया खायच्या आणि देवळातल्या घंटेचे १०८ ठोके ऐकायचे. आपल्या जपमाळेत मणी किती, तेवढेच. पहिल्या वर्षी २५ च्या रात्री मी कॉफी प्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. तिथला मुलगा शिडीवर चढून चमचमती झालर उतरवत होता. सकाळी सहाला पुन्हा गेले तर दारात बांबू उभा, आणि रात्री जिथे नाताळचं गाणं वाजत होतं तिथे कोतो या जपानी तंतुवाद्याची तार छेडलेली. आपल्याकडे अनंत चतुर्दशीनंतर मांडव उतरायला आठवडा जातो हो.

माझ्यासोबत एक आयरिश मुलगी होती, शेजारच्या गावात शिकवायची. तिला या सगळ्याचा फार त्रास व्हायचा. तिच्यासाठी नाताळ म्हणजे आईचं स्वयंपाकघर, मध्यरात्रीची मिसा, भांडणारे काका. इथे तिच्या नाताळचे कपडे दुसऱ्याच कुणी घातलेले, आणि त्याच दिवशी तिला तीन तास होते. एका वर्षी तिने हट्टाने गोठवलेली टर्की मागवली. टर्की आली, पण जपानी घरात ओव्हन असतो तो मायक्रोवेव्हएवढा. पक्षी आत जाईना. शेवटी मी कोयत्यासारख्या सुरीने त्याचे तुकडे केले आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवला. ती रडत रडत जेवली. रश्श्यामुळे की आठवणीने, ते मी विचारलं नाही.

मला तसं घर आठवून रडू यायचं कारण नव्हतं, माझा सण नव्हताच तो. पण धागा अगदीच नव्हता असंही नाही. एकदा मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, तुमच्याकडे नाताळ कुठून आला? मी म्हटलं, आमच्याकडे या सणाचं नावच पोर्तुगीज आहे, ‘नाताळ’. आणि तुमच्याकडे हा धर्म गोव्याहूनच आला. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. सोबत याजिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्याच वर्षी गोव्यात झालेला. झेवियर यांचा देह आज जुन्या गोव्यात आहे. पुढे १६१४ मध्ये जपानने त्या धर्मावर देशभर बंदी घातली, माणसं मारली गेली, उरलेली लपून राहिली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ साली. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि आपलं नववर्ष नाताळच्या शेजारी आणून बसवलं. मुख्याध्यापक ऐकत होते आणि हातातला ब्रेड खात होते. मी विचारलं, याला काय म्हणता? म्हणाले, ‘पान’. म्हटलं, आम्ही ‘पाव’ म्हणतो. दोघांनीही एकाच गलबतावरून उतरवून घेतलाय तो. त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी सोमवारच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे तिथे प्रार्थना नसते, सकाळच्या सभेत, मुलांना तेच सांगितलं. सांता नाही, पाव!

आता मूळ गोष्टीकडे येते. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आपण मुलांसाठी काहीतरी खास करावं. पाचवीच्या वर्गात बत्तीस मुलं. मी आठवडाभर रात्री जागून बत्तीस शुभेच्छापत्रं केली. हिरव्या पेनाने झाड आणि मजकूर, आणि वर प्रत्येकाचं नाव लाल पेनाने, ठसठशीत. लाल-हिरवा म्हणजे नाताळ, इतकं मला पाकिटातून कळलेलं होतं. वाटायच्या आदल्या दिवशी गठ्ठा वर्गशिक्षिका बाईंना दाखवला. त्या पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिलं पत्र पाहिलं, दुसरं पाहिलं. मग दार लावून घेतलं. म्हणाल्या, ‘फार सुंदर आहेत. पण आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहीत नाहीत.’

मी गारच. त्यांनी शांतपणे सांगितलं. तिथे थडग्याच्या दगडावर घरातल्यांची नावं कोरतात. नवरा-बायकोंपैकी एक आधी गेलं की दुसऱ्याचंही नाव शेजारी कोरून ठेवतात आणि त्या अक्षरांत लाल रंग भरतात. म्हणजे हे माणूस अजून आहे. ते गेलं की रंग काढून टाकायचा. बत्तीस पोरांच्या हातात मी ते देणार होते! त्या संध्याकाळी आम्ही दोघी रॉकेलच्या शेगडीला पाय लावून बसलो आणि एकेक नाव हिरव्याने गिरवून काढलं. लालवर हिरवं चढवलं की चॉकलेटी होतं. मुलांना वाटलं, रेनडिअरचा रंग आहे.

गिरवताना बाई म्हणाल्या, ‘माझे वडील लाल आहेत.’ एवढंच. मला अर्थ लागला तो मागाहून, आणि लागला तोही माझ्या दुसऱ्या गाढवपणामुळे.

माझ्या टेबलामागे भिंतीवर मी आलेली नाताळची कार्डं टाचून ठेवली होती, भोवती चंदेरी झालर. त्यात राखाडी रंगाचं, शेवंतीचं चित्र असलेलं एक सुरेख पोस्टकार्ड होतं. मला कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, धड वाचता येत नव्हत्या, चित्र आवडलं म्हणून मधोमध लावलं. ते बाईंचं होतं. ती शुभेच्छा नव्हती. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल ते घर डिसेंबरच्या सुरुवातीला असं कार्ड पाठवतं : आमच्याकडे दुखवटा आहे, यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देणार-घेणार नाही. आपल्याकडे कशी वर्षभर घरात सणाची कढई चढत नाही, तसंच. बाईंची आई वसंतात गेली होती. तीन आठवडे त्या कार्डासमोरून रोज ये-जा करत होत्या, झालरीसकट, आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. ऑफिसातल्या तरुण कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, ‘उलट बरं झालं. यंदा आम्हाला शोऽगात्सु नाही. बांबू नाही, देऊळ नाही, कुणी येणार नाही. बाबा दिवसभर टीव्ही बघत बसतील. पण नाताळला काही अडत नाही. तो आमचा नाहीच ना. २४ ला याल?’

मी गेले. बर्फ पडत होता. कोतात्सुवर केंटकीची बादली, स्ट्रॉबेरीचा केक, मी नेलेले बेसनाचे लाडू. केक कापल्यावर पहिला तुकडा बाईंनी छोट्या बशीत घेतला आणि देवघरासारख्या कपाटात, बुत्सुदानमध्ये, आईच्या फोटोपुढे ठेवला. पितळी वाटीवर एक ठोका दिला, हात जोडले. मग परत येऊन चिकनचा तुकडा उचलला. आजीला नैवेद्य दाखवून उठणारी माझी आई मला डोळ्यांसमोर दिसली.

वडील त्र्याऐंशी वर्षांचे. मुलांच्या कार्डांची गोष्ट लेकीने त्यांना सांगितली होती. जेवण झाल्यावर ते म्हणाले, ‘मला नाही का कार्ड?’ पिशवीत एक कोरं होतं, ते मी काढलं आणि हिरवं पेन शोधायला लागले. ते म्हणाले, ‘लाल घ्या. तिकडे डोंगरावर माझं नाव लालच आहे, तुम्ही चुकणार नाही.’ मी बाईंकडे पाहिलं. त्या केकचा कागद घडी करत होत्या, मान खाली घालून हसत होत्या.

‘आणि तुमच्या अक्षरांत लिहा,’ ते म्हणाले.

मग मी देवनागरीत, लाल शाईने, त्यांचं नाव लिहिलं. शिरोरेघ जरा लांब ओढली. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ बघत राहिले. उलटं धरलं होतं. लेकीने ते सरळ करून दिलं.