कढईतलं तेल

(दृश्य : संध्याकाळची वेळ. दादर स्टेशनबाहेरची गर्दी. गर्दीतून वाट काढत कॅमेरा एका वडापावच्या गाडीपाशी येतो.)

1966 च्या आसपास याच दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीची पाळी संपवून लोकल गाठणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या खाता यावं, खिशाला परवडावं आणि घरी पोचेपर्यंत पोटाला आधार व्हावा, एवढी त्याची गरज होती. बर्गर आणि पिझ्झा आपल्याकडे फार नंतर आले. आपलं फास्ट फूड हेच. म्हणून त्याच्या धोक्यांबद्दल बोलायचं तर आधी या कढईपाशी थांबायला हवं.

वड्यात वाईट काय आहे? उकडलेला बटाटा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, कोथिंबीर, वरून बेसनाचं आवरण. ताज्या तेलात तळलेला गरम वडा महिन्यातून एकदोनदा खाल्ला म्हणून कुणी आजारी पडत नाही. प्रश्न आहे तो वडा ज्यात पोहतोय, त्या तेलाचा. आणि तेच तेल आठवड्यातून किती वेळा आपल्या पोटात जातं, याचा.

(दृश्य : कढईचा क्लोज-अप. झारा, बुडबुडे, तळाशी काळा चुरा.)

जरा जवळून पाहा. कढईच्या काठाला चिकट, डांबरासारखा काळा थर बसलाय. घासणीनं तो निघत नाही. बेसनाचे सुटलेले कण तळाशी जाऊन जळतायत. वडा सोडला की फेस वर येतो आणि वडा काढून घेतल्यावरही बराच वेळ बसत नाही. सकाळी हेच तेल फिकट पिवळं होतं. पण सकाळी तरी ते कितपत ताजं होतं? बहुतेक ठिकाणी रात्री उरलेल्या तेलात सकाळी नवं तेल ओतलं जातं. कढई रिकामी अशी होतच नाही. कालचं तेल, परवाचं तेल, त्याच्या आधीचं तेल थोडंथोडं करून आजच्या घाण्यात असतंच.

तळणीचं तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्या तापमानाला तीन गोष्टी त्याच्यावर एकदम तुटून पडतात. बटाट्यातून आणि पिठातून सुटणाऱ्या पाण्यानं तेलाचे रेणू फुटतात आणि मोकळी मेदाम्लं तयार होतात; त्यामुळे तेल कमी तापमानालाच धुरायला लागतं. हवेतला प्राणवायू तेलात मिसळून त्यातून अल्डिहाइड जातीची संयुगं बनतात. खवट वास येतो तो त्यांचा. आणि सततच्या उष्णतेनं रेणू एकमेकांना चिकटून तेल घट्ट होतं. काठावरचा तो काळा थर म्हणजे हेच चिकटलेले रेणू. असं थकलेलं तेल पदार्थात जास्त मुरतं. म्हणजे वाईट तेलाचा वडा ताज्या तेलाच्या वड्यापेक्षा जास्त तेल पितो, आणि ते आपण खातो.

शरीरात गेल्यावर हे तेल काय करतं? स्पेनमधल्या पिझारा या गावात संशोधकांनी लोकांच्या स्वयंपाकघरांतून तळणीच्या तेलाचे नमुने गोळा केले आणि त्याच लोकांचा रक्तदाब मोजला. ज्यांच्या घरचं तेल जास्त खराब झालेलं, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त निघालं. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एका गावाच्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांचा रक्तदाब वाढल्याचं आणि रक्तवाहिन्यांना इजा झाल्याचं प्रयोगांतही दिसलं आहे. दोन्ही बोटं एकाच दिशेला आहेत.

आणि गाडीच्या या बाजूला आपण असतो, तेव्हा त्या बाजूला एक माणूस दिवसभर त्या धुरात उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं उच्च तापमानावर तळताना निघणारा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. आपण पाच मिनिटांत खाऊन निघून जातो. तो तिथेच असतो. या विषयावर बोलताना त्याची आठवण फार कमी लोकांना होते, आणि याचं मला वाईट वाटतं.

(दृश्य : तेलात बुडवलेलं हातातलं मीटर. पडद्यावर आकडा.)

तेल किती खराब झालंय हे नुसत्या डोळ्यांनी नेमकं कळत नाही. त्यासाठी टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे टीपीसी मोजतात : तापून तेल मोडलं की त्यात जी संयुगं साठत जातात, त्यांचं एकूण प्रमाण. हातात धरायचं मीटर गरम तेलात बुडवलं की काही सेकंदांत आकडा येतो. भारतात 1 जुलै 2018 पासून मर्यादा ठरली आहे : 25 टक्के. त्याच्या वर गेलेलं तेल खाद्यपदार्थासाठी वापरता येत नाही. पुढे 1 मार्च 2019 पासून, दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असा नियम आला. त्या तेलापासून बायोडिझेल बनतं. ‘रुको’ नावाची मोहीम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं याचसाठी सुरू केली.

हा नियम का करावा लागला? कारण मोठ्या हॉटेलांतून आणि फरसाणाच्या कारखान्यांतून निघालेलं तेल मधल्या माणसांच्या हातून स्वस्तात पुन्हा छोट्या खाद्यविक्रेत्यांकडे पोचत होतं. एकाच्या दृष्टीनं संपलेलं तेल दुसऱ्याच्या कढईत नव्यानं सुरू व्हायचं. नियमानं मोठ्यांची वाट बांधली. पण गाडीवर दिवसाला 50 लिटर तेल लागत नाही. 25 टक्क्यांची मर्यादा गाडीलाही लागू आहे, नोंद ठेवण्याची सक्ती मात्र नाही. आणि सामान्य माणूस रोज खातो तो गाडीवरच.

(दृश्य : नाक्यावरची चायनीजची गाडी. लालभडक मंचुरियन.)

चायनीजच्या गाडीवर लोक अजिनोमोटोला घाबरतात. माझ्या मते तिथे घाबरण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत : पुन्हा तेच तेल, सॉसमधलं मीठ आणि तो रंग. कर्नाटक सरकारनं मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेनं त्याआधीच गोबी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचललं होतं. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे एक चहाचा चमचाही नाही.

आता एक अडचण आपल्या शरीराची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. फोटोत दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार : आपल्याकडच्या कितीतरी लोकांची ठेवण अशी आहे. याज्ञिक यांच्या चमूला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या कमी वजनाच्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं होतं. म्हणून ‘मी काही जाड नाही, मला काय होतंय’ या समजावर आपल्याकडे भरवसा ठेवता येत नाही. वजनकाटा गप्प राहतो आणि साखर वाढत जाते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले 10 कोटी 10 लाख लोक आहेत, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के. याला एकटं फास्ट फूड कारणीभूत आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण आतून आधीच चरबी धरून बसलेल्या शरीरात रोज मैद्याचा पाव आणि तळण ढकलत राहणं, ही त्यात भर नक्कीच आहे.

सरकारी नियमानं काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ट्रान्स फॅटकडे पाहावं. शिवडीच्या कारखान्यात बनणारा डालडा 1937 पासून आपल्या घराघरांत शिरला. तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयविकाराचा धोका वाढवतं, हे कळायला अर्धं शतक उलटलं. डेन्मार्कनं 2003 मध्ये मर्यादा घातली. भारतात ती टप्प्याटप्प्यानं खाली आणत जानेवारी 2022 पासून तेल-तुपात 2 टक्क्यांवर आणली गेली. खारी, नानकटाई, क्रीमरोल दुकानांत तसेच राहिले. कारखान्यांना आतलं तूप बदलावं लागलं. खवय्यानं काहीच सोडलं नाही.

(दृश्य : घरातलं स्वयंपाकघर. गाळणीतून तेल गाळणारे हात.)

घरी काय करायचं ते सोपं आहे. पुऱ्या, भजी तळून उरलेलं तेल गाळून घ्यायचं, एकदोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवायचं, आणि त्यात पुन्हा तळायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2024 चा सल्लाही असाच आहे. त्याच संस्थेच्या दिवसभराच्या ताटाच्या नमुन्यात 2000 कॅलरींच्या आहारात तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे, फोडणीपासून पोळीवरच्या तुपापर्यंत सगळं मिळून.

बाहेर खाताना कढईकडे बघा. वडा सोडण्याआधीच तेल धुरतंय का? फेस बसत नाही का? तेल काळपट आणि घट्ट दिसतंय का? तसं असेल तर दुसरी गाडी शोधा, आणि मुलांनाही हे बघायला शिकवा. वडा वर्तमानपत्राच्या कागदात देत असतील तर ताटली मागा. शाई पोटात जाण्यासारखी वस्तू नाही.

पण सगळा भार खाणाऱ्याच्या नजरेवर टाकणं मला पटत नाही. गाडीवाल्याला तेल फेकणं परवडत नाही, म्हणून ते कढईत राहतं. दिवसाअखेर उरलेलं तेल कुणी गाडीवर येऊन, वजन करून, रोख पैसे देऊन नेलं, तर ते उद्यापर्यंत ठेवायचं कारण उरणार नाही. बायोडिझेलसाठी ते तेल हवंच आहे, मीटर बाजारात मिळतात, आणि गाड्या कुठे उभ्या राहतात हे प्रत्येक वॉर्ड ऑफिसला ठाऊक असतं. महापालिका आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून एका वॉर्डापासून हे सुरू करावं, आणि त्याची मागणी आपण आपल्या नगरसेवकाकडे करावी.