कोअर, कव्हर आणि कोर्ट

पडद्यावर दिसणारा हा काँक्रीटचा दंडगोल, म्हणजे कोअर, उभ्या इमारतीच्या कॉलममधून ड्रिलने कापून काढलेला आहे. समजा, मूळ नकाशात एम-25 काँक्रीट लिहिले आहे आणि अशा तीन कोअरची सरासरी ताकद 22 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भरली. पंचविसापेक्षा बावीस कमी, म्हणून काम निकृष्ट, असा युक्तिवाद रहिवाशांचे वकील सहज करतात आणि तिथेच फसतात.

एम-25 मधला आकडा काँक्रीटच्या 15 सेंटिमीटरच्या क्यूबच्या, म्हणजे घनाकार ठोकळ्याच्या, ताकदीचा आहे. तो साच्यात नीट ठासून भरलेला असतो, पाण्यात ठेवून 28व्या दिवशी फोडला जातो, आणि तरीही शंभरात पाचांपर्यंत निकाल त्याखाली जाणार हे गृहीतच असते. कॉलमचे काँक्रीट मात्र गजांच्या दाटीतून खाली उतरते आणि त्यावर पाणी मारणे आठवणीवर अवलंबून असते. म्हणूनच आयएस 456 या भारतीय मानकाच्या 2000 सालच्या आवृत्तीनुसार कोअरची सरासरी 85 टक्के, म्हणजे 21.25, असली आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या, म्हणजे 18.75च्या, खाली नसला, तर काँक्रीट स्वीकारले जाते. अर्थात हा आकडा क्यूबच्या समतुल्य ताकदीत बदललेला असला पाहिजे. दंडगोल क्यूबपेक्षा कमी भारावर फुटतो, त्यामुळे अहवालातला 22 कच्चा की बदललेला, हे आधी विचारावे.

खरे तर अनेक इमारतींचे दुखणे ताकदीत नसून कव्हरमध्ये असते. गज आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये जो काँक्रीटचा थर असतो, त्याला कव्हर म्हणतात. सौम्य हवामानात स्लॅबसाठी तो साधारणपणे 20 मिलिमीटर लागतो. सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या फळ्यांवर, गज उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, ठेवले नाहीत, तर गज थेट फळीला टेकतो. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉलफ्थॅलीन हे अल्कता दाखवणारे रसायन शिंपडले की आतला भाग गुलाबी होतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कता गमावलेला बाहेरचा पट्टा रंगहीन राहतो. तो पट्टा गजापर्यंत पोहोचला आणि ओल मिळाली की गंज धरतो, फुगतो आणि छताचे पोपडे पडू लागतात.

रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. कव्हरची चूक स्लॅब भरला त्याच दिवशी झालेली असते. छतावर ती चूक पाच वर्षे उलटल्यावरही उमटू शकते.