हुंबरळीच्या ओढ्यावर

सातारा जिल्हा. कोयनेच्या खोऱ्यातलं हुंबरळी. पावसाची झड चालू आहे आणि रात्र बरीच झाली आहे. ओढ्यावर झुकलेल्या त्या फांदीकडे बघा. दुसऱ्या पानावर.

बोटाच्या दोन पेरांएवढा बेडूक. तपकिरी, सुरकुतलेली कातडी. डोळ्यातली बाहुली गोल नाही, शंकरपाळ्यासारखी आहे. हा नर, मादीला साद घालतोय. या जातीची मादीही आवाज करते, आणि बेडकांत ते फार थोड्या जातींत आढळतं.

ती आली. आता डोळे मिटू नका.

बेडकाचा नर बहुधा मादीला काखेत नाहीतर कमरेशी घट्ट मिठी मारतो. बेडकांच्या मिलनाच्या एकूण सहा तऱ्हा माहीत होत्या. हा मात्र मिठी मारतच नाही! तिच्या पाठीवर नुसता टेकतो, पुढचे हात पानावर. तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो. ती पाठ उंचावते, तो बाजूला होतो. मग ती एकटीच अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणारे शुक्राणू ती फळवतात. बेडूकतज्ज्ञ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी याच ओढ्यावर 40 रात्री जागून हे टिपलं. 2016 साली जगाला सातवी तऱ्हा कळली. सह्याद्रीतल्या एका ओढ्यामुळे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याचं शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. 1955 साली भादुरी आणि कृपलानी यांनी मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ते ठेवलं. पुढे परदेशी ताटांसाठी भारतातून बेडकांच्या तंगड्या जहाजं भरभरून जाऊ लागल्या, तेव्हा शेतातली कीड खाणाऱ्या या जिवाची बाजू अब्दुलअलींनी लावून धरली. 1987 साली निर्यातीवर बंदी आली. या बेडकाला याहून शोभणारं नाव नाही.

हा बेडूक महाराष्ट्राच्या सह्याद्रीपलीकडे कुठेच नाही. आणि त्याला लागतं काय? वाहतं पाणी, त्यावर झुकलेलं पान. ओढ्याकाठची झुडपं ‘साफ’ करताना कोयता पहिल्यांदा याच फांदीवर पडतो. कृपा करून ती राहू द्या.

आता पानाच्या टोकाशी बघा. काचेसारखी पारदर्शक अंडी, आत शेपट्या वळवळताहेत. एक पिल्लू सुटलं, घसरलं...

टप्.

खाली ओढा आहे.